सहीपुरते शिक्षण



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेवर छापलेले आहे. परंतु आपण सर्वांनी त्यांना जन्मभर केवळ 'सर' म्हटले, म्हणून मीही आज तेवढेच म्हणणार आहे. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केली, खातेवह्या आणि कर्जाचे कागद यांत आयुष्य गेले. तेव्हा 'साक्षरता आणि जाणता समाज' या विषयावर बोलायला मला का बोलावले, असा प्रश्न आपल्याला पडला असेल, मलाही पडला. पुढे विचार करता लक्षात आले की या विषयातील एक धडा मी अतिशय महाग किमतीला शिकलो आहे. ती किंमत मात्र मी नव्हे, दुसऱ्याच कुणी मोजली.

तो प्रसंग आधी सांगतो. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँकांचे लक्ष खेड्यांकडे वळले. १९७४ च्या सुमारास माझी बदली बडोद्यापासून थोड्या अंतरावरच्या एका तालुक्याच्या गावी झाली. वय तिशीच्या आत, अंगात उत्साह, आणि वरून उद्दिष्टे ठरवून दिलेली. अशा दिवसांत एक तरुण शेतकरी विहिरीवर बसवायच्या ऑइल इंजिनासाठी कर्ज मागायला आला आणि जामीनदार म्हणून आपल्या मावशीला घेऊन आला. मावशी विधवा, वय पासष्टीच्या घरात, नावावर थोडी जमीन. मी सवयीने शाईचे पॅड पुढे सरकवले. बाईंना ते आवडले नाही. त्या ताठ बसल्या आणि म्हणाल्या, ''साहेब, हूं तो गायकवाडी निशाळमां भणेली छुं.'' मी तर गायकवाडी शाळेत शिकलेली आहे! मी ओशाळलो, पॅड बाजूला केले आणि पेन दिले. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखे, गुजरातीत आपले नाव लिहिले. मला फार कौतुक वाटले. नऊ पाने होती, नऊ ठिकाणी सह्या झाल्या.

कागद इंग्रजीत होते. शेवटच्या पानाच्या तळाशी मात्र गुजरातीत एक वाक्य चक्रमुद्रित केलेले होते : वरील मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला असून तो मला मान्य आहे. त्या वाक्याखालीही त्यांनी सही केली. समजावून कोणी सांगितले होते? कोणीच नाही. ते काम माझे होते. मी ''वाच्युं ने, मासी?'' असे विचारले आणि त्यांनी मान हलवली.

येथे आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. अंगठा उठवणारा खातेदार असला, की मजकूर त्याला साक्षीदारासमक्ष वाचून दाखवावा लागे आणि तसे कागदावर लिहावे लागे. सही करणाऱ्याला मात्र वाचता येते असे गृहीत धरले जाई. म्हणजे त्या बाईंनी अंगठा उठवला असता, तर मला तो मजकूर त्यांना वाचून दाखवावा लागला असता. त्यांना सही करता येत होती, म्हणूनच ते राहून गेले.

पुढचे आपण ओळखलेच असेल. इंजिन आले, दोन हंगाम बरे गेले, मग हप्ते थांबले आणि भाचा सुरतेकडे निघून गेला. जामीनदाराला नोटीस गेली. बाई ती घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी कांगावा केला नाही, रडल्याही नाहीत. सहीवर बोट ठेवून एवढेच विचारले की, ही सही माझी आहे, हे मी ओळखते. पण हा कागद काय म्हणतो? जामीन म्हणजे भाच्याच्या चांगुलपणाची साक्ष, अशी त्यांची समजूत होती. बुडीत कर्ज आपल्याला फेडावे लागेल हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळले. दोन म्हशी विकून आणि उरलेल्यासाठी हातातल्या पाटल्या मोडून त्यांनी ते फेडले. बँकेच्या दृष्टीने खाते नियमित झाले.

'गायकवाडी शाळा' हे शब्द तेव्हापासून माझ्या मनातून गेले नाहीत. त्या शाळेचा अभिमान मलाही आहे. बडोद्यात वाढलेल्या कोणत्या मराठी माणसाला नसेल? म्हणून मी त्या शाळांचा इतिहास वाचू लागलो, आणि मला असे आढळले की बाईंच्या बाबतीत जे घडले त्याची चिंता ज्याने ती शाळा काढली त्या राजालाच साठ-सत्तर वर्षे आधी पडली होती.

सयाजीराव महाराज १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातून बडोद्यास दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेताच्या बांधावरचा मुलगा एकाएकी राजवाड्यात आला, तेथे अक्षरे शिकला आणि सहा वर्षांत, १८८१ च्या अखेरीस, राज्याचा कारभार हाती घेता झाला. निरक्षर असणे म्हणजे काय, हे ज्याने आतून अनुभवले आहे असे राज्यकर्ते थोडेच. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, की शेतकऱ्याच्या घामाच्या पैशातून वरच्या वर्गाचे शिक्षण चालते आणि शेतकऱ्याचे मूल मात्र कोरे राहते. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा. इंग्रज सरकारने ते ऐकले नाही. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९३ मध्ये, सयाजीरावांनी अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, आणि १९०६ साली ती सक्ती साऱ्या राज्याला लागू केली. मुलगे सात ते बारा वर्षांचे, मुली सात ते दहा. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड. दंडावरून कुरकुर पुष्कळ झाली. गुरे कोणी राखायची, धाकट्या भावंडाला कोणी सांभाळायचे, हे प्रश्न खोटे नव्हते. तरी कायदा टिकला. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या विधिमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. पुढच्या वर्षी ते विधेयक अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. साऱ्या देशासाठी शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. अमरेलीपासून मोजले तर मध्ये एकशे सतरा वर्षे गेली.

हा भाग आपल्याला ठाऊक आहे, शाळेच्या प्रत्येक समारंभात आपण तो ऐकतो. त्यापुढचा भाग मात्र आपण सांगत नाही, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. काही वर्षांतच महाराजांच्या ध्यानात आले की मूल शाळेतून बाहेर पडते, नांगराला किंवा चुलीला लागते, आणि दहा वर्षांत शिकलेले विसरते. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. अक्षरे टिकायची कशाच्या आधारावर? सक्तीच्या शाळेवर खर्च केलेला पैसा वाळूत मुरतो आहे. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिला. राजवाड्यातील खासगी संग्रहाची हजारो पुस्तके लोकांसाठी खुली झाली, मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. त्याचा काचेच्या फरशांचा पुस्तकसाठा आपण लहानपणी पाहिला असेल. वरच्या मजल्यावरचे कोणाचे जोडे खालून दिसतात याचेच आम्हा मुलांना तेव्हा अप्रूप असे. उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोहोचावा म्हणून ती योजना आहे, हे पुष्कळ पुढे कळले.

पण मोठे काम झाले ते खेड्यांत, आणि तेथे नाव घ्यावयाचे ते मोतीभाई अमीन यांचे. हा शिक्षक माणूस स्वतःच्या उत्साहाने आधीपासूनच गावोगाव वाचनालये काढीत होता. राज्याने त्याला हाताशी धरले. नियम सोपा होता. गावकऱ्यांनी ठराविक रक्कम जमवावी, तितकीच जिल्हा मंडळाने द्यावी आणि तितकीच राज्याने. गावाने आधी स्वतःचा हात खिशात घालायचा, ही त्यातली मेख. फुकट आलेल्या कपाटाला कुलूपच राहते, हे मोतीभाईंना बरोबर ठाऊक असले पाहिजे. जेथे वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांत पुस्तके भरून पाठवली जात आणि त्यांचे भाडे राज्य भरी. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी जादूच्या कंदिलाचे आणि सिनेमाचे फुकट खेळ होत, आणि तेही ग्रंथालय खात्यामार्फत. वाचता न येणाऱ्यालाही जाणण्याचा हक्क आहे हे त्या खात्याने मानले होते. आजच्या किती ग्रंथालयांना हे सुचते, ते आपणच सांगावे.

माझ्या त्या मावशीबाई अंदाजे १९१० च्या आसपास जन्मलेल्या, म्हणजे सात ते दहा या वयात कायद्याने शाळेत बसलेल्या. त्यांच्या गावात वाचनालय होते का, याची मी नंतर चौकशी केली. होते, चावडीजवळ होते आणि पुरुष तेथे संध्याकाळी बसत. दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलीने चावडीवर जाऊन पुस्तक मागावे, असे ते दिवस नव्हते. बडोदे शहरात स्त्रियांसाठी ग्रंथालयाची वेगळी सोय झाली होती. तिच्या गावापर्यंत ती पोहोचली नाही. तेव्हा साठ वर्षांत तिच्यापाशी उरली ती एक सही.

आता कोणी म्हणेल, कागद इंग्रजीत होता, बाई चांगल्या वाचणाऱ्या असत्या तरी काय झाले असते? आक्षेप रास्त आहे. लोकांना न कळणाऱ्या भाषेत कागद लिहायचा आणि 'कळला' अशी त्यांच्याच भाषेत सही घ्यायची, हा दोष वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. माझे म्हणणे इतकेच, की ज्याला वाचनाची सवय आहे तो न कळणारा कागद पुढे आला की थांबतो आणि 'हे काय आहे?' असे विचारतो. तळाचे ते एक वाक्य तर गुजरातीतच होते. ते खोटे होते आणि ते खोटे आहे एवढे ओळखण्यापुरते वाचन त्यांच्यापाशी एके काळी होते.

शिक्षण आणि जाणतेपण या दोहोंतील अंतराचा याहून कडू दाखला याच शहरात घडला आहे. अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलांसाठी महाराजांनी १८८० च्या दशकातच शाळा काढल्या, पण त्यांत शिकवायला सवर्ण शिक्षक मिळेनात. पुढे बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्यास परतले. तेव्हा या नगरीत त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून पारशी उतारागृहात राहावे लागले, काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथूनही हाकलले, आणि कामाठीबागेत बसून त्यांनी गाडीच्या वेळेची वाट पाहिली. कचेरीतले कारकून त्यांच्या हाताला हात लागू नये म्हणून कागद दुरून टाकीत. ते कारकून निरक्षर नव्हते. उत्तम अक्षर होते म्हणूनच तर त्यांना ती नोकरी मिळाली होती. आपल्या सयाजी-गौरवाच्या भाषणांत हा प्रसंग एका ओळीत उरकला जातो, म्हणून मी तो मुद्दाम सांगितला.

मग शाळेने अक्षरांपलीकडे द्यायचे ते काय? याचे उत्तर मला या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात मिळाले होते. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास सरांचा असे. ते वर्तमानपत्राची कात्रणे घेऊन येत आणि एकेकाला एकेक देत. पाच मिनिटांनी म्हणत, ''वाचलेस? मग पालथे घाल आणि सांग.'' शब्दशः सांगितलेले त्यांना चालत नसे. आपल्या शब्दांत सांगावे लागे. सांगून झाले, सुटलो असे वाटले, की दुसरा प्रश्न येई : ''आणि हे लिहिणाऱ्याला कसे कळले?'' त्याने स्वतः पाहिले का, कोणी सांगितले का, सांगणाऱ्याचा त्यात काही लाभ आहे का? आम्हाला हा छळ वाटे. एका मुलाने एकदा वैतागून, ''सर, छापलंय म्हणजे खरंच असणार ना!'' असे म्हटले. सरांनी त्याच दिवशीच्या दुसऱ्या पत्रातले त्याच घटनेचे कात्रण त्याच्या हाती दिले. त्यात मृतांचा आकडा निराळा होता.

बदली होऊन बडोद्यास परतल्यावर मी सरांना भेटलो आणि मावशीबाईंची हकीकत सांगितली. मला वाटले, ते माझी समजूत घालतील. नियमांवर, इंग्रजी कागदांवर काही बोलतील. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''त्यांनी वाचला नाही, ते समजले. तू वाचला होतास का तो कागद?'' आणि खरे सांगतो, मंडळी, मीही तो वाचला नव्हता. जामिनाचे कलम कोठे आहे, कोठे सही घ्यायची, हे मला पाठ होते. पण ती नऊ पाने पहिल्यापासून शेवटपर्यंत मी, एक पदवीधर, या शाळेचा विद्यार्थी, कधीही वाचली नव्हती. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन वाचली. दीड तास लागला.

पुढे राजस्थानातील एका चळवळीविषयी वाचताना मला सरांच्या त्या प्रश्नाची आठवण झाली. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरपासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांचे हजेरीपट मिळवायचे आणि ते मांडवात, गावासमोर मोठ्याने वाचायचे, एवढाच कार्यक्रम. ऐकणारे पुष्कळ जण निरक्षर होते, पण अमक्याने इतके दिवस काम केले व इतकी मजुरी घेतली असे वाचले जाताच लोक उठून सांगत, की तो माणूस तर केव्हाच वारला. याच धाग्यातून १९९६ चे ब्यावर येथील धरणे आणि अखेर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आला. आपल्या घरी एक जण पोथी वाचतो आणि दहा जण ऐकतात, अर्थावरून वाद घालतात; त्यातलाच हा प्रकार, फक्त पोथीच्या जागी हजेरीपट. तेव्हा निरक्षराला काही कळत नाही असे म्हणू नये. त्याच्यापासून कागद दूर ठेवला जातो, एवढेच.

२०११ च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे ७३ टक्के भरली. १९५१ साली ती १८.३३ टक्के होती. हा पल्ला लहान नाही. पण २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातील पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचता आला. वर्गात बसलेल्या, पटावर असलेल्या, आपले नाव नीट लिहिणाऱ्या मुलांविषयी मी बोलतो आहे. आणि मोठ्यांचे काय? येथे बसलेल्या किती जणांनी मोबाइलवरच्या अटी वाचून मग 'मान्य आहे' हे बटण दाबले? मी दाबतो, न वाचता दाबतो. माझ्या नातवाने मला एकदा रंगेहाथ पकडले. घराघरांतल्या गटांवर सकाळी येणारा मजकूर दुपारपर्यंत आपण पाच जणांना पुढे पाठवलेला असतो. 'हे लिहिणाऱ्याला कसे कळले?' असे विचारायला तेथे सर नसतात. १९२० साली खेड्यात वाचायला काही नव्हते म्हणून अक्षरे गंजत होती. आज वाचायला इतके आहे की आपण नुसती नजर फिरवतो. परिणाम फारसा निराळा दिसत नाही.

माझ्या या बोलण्यातून मराठी शाळांच्या घटत्या पटावर काही ऐकायला मिळेल अशी काहींची अपेक्षा असेल. त्यावर आपण दरवर्षी बोलतो, आणि बोलून तीच मंडळी नातवंडांना इंग्रजी शाळेत सोडायला जातात, मीही त्यांतलाच. पण या शाळेच्या ग्रंथालयाच्या चार कपाटांपैकी तीन गेली काही वर्षे उघडली गेली नव्हती, याचा दोष पटसंख्येला देता येणार नाही. किल्ली आपल्यापैकीच एका निवृत्त गृहस्थांपाशी होती आणि ते गावाला गेले होते.

मुख्याध्यापिकाबाईंनी ती कपाटे उघडून दिली, त्याबद्दल मी त्यांचे जाहीर आभार मानतो. गेल्या जूनपासून दर शनिवारी सकाळी आम्ही तिघे माजी विद्यार्थी त्या खोलीत बसतो. मुले पुस्तके नेतात, आणि परत करताना पुस्तक पालथे घालून दोन वाक्ये सांगतात. शेजारच्या मोहल्ल्यातून मोठी माणसेही येऊ लागली आहेत, कोणी वीजबिल घेऊन, कोणी न्यायालयाचे समन्स घेऊन. आम्ही वाचून देत नाही. सोबत बसून त्यांच्याकडून वाचून घेतो. मागच्या शनिवारी एक रिक्षावाले विम्याचा कागद घेऊन आले होते. मराठी, गुजराती, इंग्रजी असे तीन भाषांत डोके चालवून आम्ही अकरा कलमांपर्यंत पोहोचलो. बारावे आम्हा तिघांनाही कळले नाही. त्यांना येत्या शनिवारी पुन्हा बोलावले आहे. श्रोत्यांत वकील मंडळी दिसत आहेत, त्यांच्यापैकी कोणी साडेआठला आले तर बरे होईल.